आजीची लुगडी रोज ऑफिसला नेसली तर विचित्र दिसेल का?

कऱ्हाडची_लेक

नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसती वाचतेय, आज पहिल्यांदा धागा काढतेय. प्रश्न कपड्यांचा आहे पण नुसता फॅशनचा नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते, सांभाळून घ्या.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, गेल्या वर्षी गेली. जन्मभर लुगडं नेसली. तिच्या ट्रंकेत बरीच लुगडी निघाली, त्यात काही चांगल्या इरकली, लाल टोपपदराच्या, आणि बाकी रोजची सुती. चुलत बहिणींचं चाललं होतं की याचे कुर्ते शिवू, उशांचे अभ्रे करू, आणि मी म्हटलं की मला द्या, मी नेसणार आहे, तर सगळ्या बघतच राहिल्या. मग मी गावाकडच्या आत्याकडून नेसायला शिकले, शिवलेलं नाही, साधं कमरेला गाठ मारून, निऱ्या घालून, काष्टा मागं खोचून. आता आरशाशिवाय जमतं.

मी पुण्यात आयटीमध्ये आहे. अधूनमधून शुक्रवारी लुगडं नेसून ऑफिसला जायला लागले आणि मला इतकं बरं वाटलं की आता रोजच नेसावं असं मनात आहे. ढांग टाकून चालता येतं, स्कूटर चालवता येते, खुर्चीत मांडी घालून बसता येतं. आणि आरशात बघितलं की मी मला माझी वाटते, जीन्समध्ये मी कुणीही असते. आजीसारखी दिसते म्हणून पण आवडतं, ते लपवत नाही.

पण तीन गोष्टी डोक्यात घोळतायत. एक म्हणजे ऑफिसात दर वेळी "आज काय स्पेशल? लग्न आहे का कुणाचं?" सगळे प्रेमानंच विचारतात पण दिवसभर तेच उत्तर देऊन थकायला होतं, आणि क्लायंटबरोबर व्हिडिओ कॉल असला की मॅनेजर हळूच सांगतो की आज जरा फॉर्मल घालायला हवं होतं. दुसरं म्हणजे माझी आई. ती शिक्षिका होती. सासरी आली तेव्हा घरात लुगडंच नेसायची सक्ती होती, शाळेत नोकरी लागली तेव्हा गोल साडी नेसायला मिळावी म्हणून घरात वाद झाले, आजीशीच झाले. ती मला म्हणाली, "आम्ही ज्यातनं सुटायला एवढं केलं तेच तू हौसेनं अंगावर घेतेस." याच्यावर मला काय बोलावं तेच कळलं नाही. आणि तिसरं, ऑफिसमधली एक जवळची मैत्रीण म्हणाली की नऊवारी म्हणजे तुम्ही लोक घराणं दाखवता, यात स्वतःची अभिव्यक्ती कसली. हे जास्त लागलं.

तर मला विचारायचंय की तुमच्यापैकी कुणी रोजच्या कामाला असे कपडे घालतं का, जे लोकांना फक्त सणाला बघायची सवय आहे? आणि हे खरंच माझं स्वतःचं म्हणणं आहे की मी फक्त हौस भागवतेय, हे कसं ओळखायचं?

---

पळत_सुटलेली

नेस गं बिनधास्त!! २०१८ ला बर्लिन मॅरेथॉन क्रांती साळवी यांनी नऊवारी नेसून चार तासांच्या आत पूर्ण केली, गिनीज रेकॉर्ड झाला त्याचा. बेचाळीस किलोमीटर पळता येतं त्यात तर ऑफिसच्या लिफ्टपर्यंत चालायला काय प्रॉब्लेम आहे. मॅनेजरला विचार फॉर्मलची व्याख्या कुठे लिहिलीय ती दाखव म्हणून. बहुतेक कंपन्यांच्या ड्रेस कोडमध्ये साडी चालते असंच असतं, किती वारी ते कुणी लिहीत नाही.

---

शिलाईवाली_ठाणे

ताई, आधी एक सांगते, ती इरकली कुणाला कापू देऊ नका. पाया पडते.

मी नऊवारी शिवून देते, बरीच वर्षं हाच धंदा आहे. माझ्याकडे येणारं गिऱ्हाईक लग्न, मुंज, मंगळागौर, पाडव्याची शोभायात्रा आणि शाळेचं गॅदरिंग यासाठी येतं. ब्राह्मणी, पेशवाई, मस्तानी, राजलक्ष्मी अशी नावं असतात, प्रत्येकात केळं वेगळं, काष्टा वेगळा, पदराची ठेवण वेगळी. कंबर, सीट, उंची मापून कापते, काठ जुळवते, नाडी घालते, झालं, सलवारीसारखी पाय घालून दोन मिनिटांत चढते. यात वाईट काही नाही, माझं घर त्याच्यावर चालतं आणि ज्या मुलींनी कधीच नेसली नसती त्या नेसतात. पण शिवलेली साडी एकाच अंगाची. पोट वाढलं, बाळंतपण झालं, संपलं. तुमच्या आजीचं लुगडं लग्नात, दिवस गेलेले असताना, म्हातारपणी, सगळ्या अंगाला बसलं असेल कारण त्याला मापच नाही, बाई नेसेल तसं ते होतं. आणि कोण कशी नेसते यावरून ती शेतात जाणारी आहे की देवळात निघालीय ते लांबून कळायचं. माझ्या सासूबाई भात लावायला जाताना काष्टा इतका वर घ्यायच्या की गुडघे उघडे, आणि घरी पाहुणे आले की त्याच लुगड्याच्या निऱ्या घोट्यापर्यंत सोडायच्या. शिवलेल्यात हे होत नाही.

आता इरकलचं. हे लुगडं इलकल गावचं, कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात, आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या येतं म्हणून आपण आपलंच समजतो. त्याचा पदर आणि अंग एका ताण्याचं, म्हणजे एकाच उभ्या धाग्यांचं नसतं. अंगाचा ताणा सुती, पदराचा ताणा लाल रेशमाचा, आणि विणताना या दोन्ही ताण्यांची टोकं एकमेकांत फासे घालून अडकवतात. पदर सुरू होतो तिथं अंगठा फिरवून बघा, जोड हाताला लागेल. जुन्या लुगड्यात पहिल्यांदा तिथंच विरतं. म्हणून रोज नेसणार असाल तर प्रत्येक लुगडं उजेडात धरून बघा, त्या जोडापाशी आणि काष्टा जिथं खोचला जातो तिथं. पातळ झालेलं रोजच्या वापरातून काढा, सणाला ठेवा. रोजला इचलकरंजी मालेगावकडची यंत्रमागाची सुती घ्या, स्वस्त पडतात, धुवायला सोपी.

आणि आत परकर लागत नाही पण ऑफिसला सुती गुडघ्यापर्यंतची टाइट्स घाला, निऱ्या सुटायची काळजी राहत नाही.

---

स्पष्ट_बोलतो_नाशिक

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका. कपड्यात ओळख शोधायची गरजच काय? तुम्ही कोड चांगला लिहिता की नाही, लोकांशी नीट वागता की नाही, यावरून तुम्ही कोण ते ठरतं. ऑफिस ही कामाची जागा आहे, तिथं असं घालावं की ज्याच्याकडं लक्षच जाणार नाही. आणि तुमच्या आईचं मला शंभर टक्के पटलं. एका पिढीनं झगडून जे सोडलं ते दुसरीनं इन्स्टावर टाकण्यासाठी परत आणायचं, याने झगडा पुसला जातो.

---

वर्सोव्याची

@स्पष्ट_बोलतो_नाशिक, लक्ष जाणार नाही असे कपडे म्हणजे कुठले ते पण सांगा की. शर्ट पँटकडं लक्ष जात नाही कारण सगळ्यांनी ते नॉर्मल मानलंय म्हणून. माझी आई रोज कोळी पद्धतीचं लुगडं नेसून मासळी बाजारात बसते, तिच्यासाठी तोच युनिफॉर्म आहे, ती कुणाचंही लक्ष वेधून घेत नाहीये. पण तीच आई डॉक्टरकडे नाहीतर बँकेत गेली की लोक वळून बघतात. लोकलमध्ये न विचारता फोटो काढतात. मग अडचण लुगड्यात आहे की बघणाऱ्यात.

ताई तुमच्या प्रश्नाबद्दल. आमच्यात नेसण वेगळी असते हे तुम्हाला माहीत असेल, घट्ट, गुडघ्याच्या वर, आणि वरच्या अंगाला चोळीवरून वेगळी फडकी घेतात, पदर नसतो तसा. पाण्यात उतरायला, होडीतून टोपल्या उतरवायला सोयीचं म्हणून तसं. गॅदरिंगला, टीव्हीवर "कोळी लुक" म्हणून जे दाखवतात त्यात अर्ध्या वेळा फडकीच नसते आणि कमरेला एक चकचकीत पट्टा असतो जो आमच्या घरात कुणीच कधी बांधला नाही. ते बघून शाळेत असताना मला लाज वाटायची, म्हणजे आईची नाही, त्या नकलेची, पण लहानपणी दोन्ही एकच वाटतं आणि मी आईला शाळेत येताना साडी नेसून ये म्हणायचे. ती यायची साडी नेसून. आता तिला विचारलं तर म्हणते तुझ्या बाई माझ्याशी नीट बोलाव्यात म्हणून मी पण आनंदानं नेसले.

मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, कामाला ट्राउझर टी-शर्टच घालते. हळदीला आणि नारळी पौर्णिमेला आईसारखं पूर्ण नेसते, फडकीसकट, सोनं घालून. मला रोज नको आणि म्हणून मी कमी कोळी होत नाही. तुम्हाला रोज हवंय तर नेसा, फक्त ऑफिसच्या ट्रॅडिशनल डेला "कोळीण बनून" येणाऱ्या मैत्रिणींमध्ये आणि तुमच्यात फरक आहे तो कायम ठेवा. तुम्ही तुमच्या घरातलं नेसताय, कुणाची तरी नक्कल करत नाही.

---

नीळ_आकाश

धागाकर्तीच्या मैत्रिणीचं वाक्य वाचून मी लॉगिन केलं, कारण ती मैत्रीण कोण ते मला माहीत नाही पण ती मी असू शकले असते.

आमच्याकडं लुगड्याचा इतिहास तुमच्या ट्रंकेसारखा नाही. आमच्या बायकांनी कसं नेसायचं हे त्यांनी ठरवलेलं नव्हतं. लुगडं गुडघ्यापर्यंतच, निऱ्या घोट्याला टेकता कामा नयेत, अंगावर कथलाचे नाहीतर चांदीचे जड दागिने, गळ्यात भरगच्च गळसऱ्या, हातात कोपरापर्यंत पाटल्या. लांबून येणारी बाई कुठल्या वस्तीतली ते तोंड न उघडता कळावं याची ती सोय होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात तर चांडाळांनी मेलेल्यांचे कपडे घालावेत आणि लोखंडाचे दागिने वापरावेत असं सरळ लिहिलेलंच आहे. म्हणजे कपडा ही ओळख आहे हे आम्हाला कुठल्या फॅशन मासिकानं शिकवलं नाही, ते आमच्यावर लादलेलं होतं.

महाडला डिसेंबर १९२७ मध्ये मनुस्मृती जाळली हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच वेळी बाबासाहेबांनी बायकांपुढं वेगळं भाषण केलं ते कमी लोकांना माहीत असतं. त्यात त्यांनी लुगडं नेसण्याच्या पद्धतीवर बोट ठेवलं. तुमची नेसण आणि तुमचे दागिने हीच अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसा, लुगडं पायघोळ नेसा, ते गळ्याहातातलं ओझं उतरवा, घालायचाच तर एखादा चांगला दागिना घाला, फाटकं असलं तरी चालेल पण स्वच्छ असू द्या, असा त्याचा आशय. आणि बायकांनी घरी जाऊन विचार करू असं म्हटलं नाही. तिथंच नेसण बदलली. चळवळीला साथ देणाऱ्या चित्रे, टिपणीस यांच्या घरांतल्या बायकांनी त्यांना घोट्यापर्यंत नेसायला शिकवलं. आल्या एका नेसणीत आणि परत गेल्या दुसऱ्या नेसणीत, आणि ज्या गावात परत गेल्या त्या गावानं ते कसं घेतलं असेल याचा विचार करा. आमच्या घरात पणजीची गोष्ट सांगतात की ती पायघोळ नेसून पाण्याला निघाली की पाटलाच्या ओट्यावरनं बोलणी यायची, कुणाची बरोबरी करायला निघाली म्हणून. ती नेसायची थांबली नाही.

दक्षिणेतल्या त्रावणकोर संस्थानात नाडार जातीच्या बायकांनी छाती झाकण्याच्या हक्कासाठी कित्येक वर्षं मार खाल्ला आणि १८५९ ला शेवटी राजाचं फर्मान निघालं, झाका म्हणून, पण त्यातही अट होती की उच्च जातीच्या बायका घेतात तसं वस्त्र घ्यायचं नाही. म्हणजे कापड चालेल, पद्धत नाही. पद्धतीतच सगळं असतं हे राज्यकर्त्यांना बरोबर कळत होतं.

म्हणून बाबासाहेबांचा कोट टाय आम्हाला परकीय वाटत नाही. गांधीजींनी १९२१ ला मदुराईत अंगावरचे कपडे कमी करून पंचा घेतला, गरिबांसारखं राहायचं म्हणून, त्यांचा तो निर्णय प्रामाणिक होता. पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उघडंच ठेवलं त्यांच्या पुढाऱ्यानं कपडे उतरवून काय मिळवलं असतं? तो थ्री पीस सूट म्हणजे आम्हाला दिलेलं उत्तर होतं की हे पण तुमचं आहे. गावोगावच्या पुतळ्यात तो निळा कोट का असतो हे ज्यांना कळत नाही त्यांना सांगावंसं वाटतं की तो आमच्या घरातला कपडा आहे.

आता कऱ्हाडच्या ताई, तुम्ही नेसू नका असं मी अजिबात म्हणत नाही. तुमच्या आजीचं लुगडं तुमचं आहे. पण मैत्रीण जे बोलली ते तुमच्यावर रागावून बोलली असेल असं मला वाटत नाही. तिच्या घरातली ट्रंक उघडून बघा म्हणतेय ती. तिला विचारा तिची आजी काय नेसायची, कसं नेसायची, आणि ऐका फक्त. तुमचा प्रश्न होता ना की हे माझं म्हणणं आहे का हौस, कसं ओळखायचं. माझ्या मते नेसायचं की नाही हे जिला ठरवता येतं तिचं ते म्हणणं असतं, आणि तुमच्या आईला सासरी ते ठरवता येत नव्हतं, एवढाच फरक तुमच्यात आणि तिच्यात आहे. लुगडं तेच आहे.

मी ६ डिसेंबरला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला पांढरी साडी नेसते, कडक इस्त्रीची, घोट्याच्या खालपर्यंत. एरवी कॉलेजात शिकवायला कॉटनच्या सहावारी, आणि प्रत्येक साडीला मॅचिंग ब्लाउज, कारण माझ्या आईला शाळेत असताना दुसऱ्यांनी दिलेलेच कपडे घालावे लागले. लोक म्हणतात मॅडम किती टापटीप राहतात. मी मुद्दाम राहते.

---

वर्सोव्याची

हे वाचून अंगावर काटा आला. चित्रे टिपणीस घरातल्या बायकांचं मला माहीत नव्हतं. थँक्यू नीळ_आकाश ताई.

---

माणदेशी_गडी

सगळ्या बायकाच लिहितायत म्हणून एका पुरुषाचं पण ऐका. आमच्या वडिलांनी आयुष्यभर धोतर, सदरा आणि पांढरी टोपी घातली. आता गावात तशी टोपी घालणारे हाताच्या बोटावर मोजण्याइतके राहिलेत, वारीला गेलं की मात्र पांढऱ्या टोप्याच टोप्या. मी तालुक्याला बँकेत आहे, आणि शर्ट पँटवर टोपी घालून काउंटरवर बसतो. सुरुवातीला साहेब म्हणाले की पुढारी दिसतोस. पण कर्जाचा फॉर्म घेऊन येणारी म्हातारी माणसं दुसऱ्या काउंटरवर रांग नसली तरी माझ्याकडंच येतात, ती टोपी बघून. त्यांना वाटतं हा आपल्यातला आहे, आपल्याला समजून सांगेल. आणि मी सांगतो पण. मग कपड्यात ओळख नसते असं कसं म्हणायचं.

१८८८ ला पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटसाठी, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या मुलासाठी, मोठी मेजवानी होती, सगळे हिरेमोती घालून आलेले, आणि जोतीराव फुले तिथं शेतकऱ्याच्या वेशात गेले. आणि सांगितलं की हे दागिने घातलेले लोक म्हणजे हिंदुस्थान नव्हे, राणीच्या पोराला खरी रयत बघायची असेल तर खेड्यात जा म्हणावं, असा त्याचा मतलब. भाषण तर केलंच पण अर्धं भाषण दारातून आत येतानाच झालं असणार. कामाच्या जागी लक्ष जाणार नाही असे कपडे घालायचे तर मग जोतीरावांनी काय करायला हवं होतं?

---

स्पष्ट_बोलतो_नाशिक

@माणदेशी_गडी फुल्यांचं उदाहरण चांगलं आहे, मान्य. पण ते एका प्रसंगासाठी, एक गोष्ट ठासून सांगायला होतं. रोज उठून ठासून सांगायचं असेल तर माणूस दमेल ना. धागाकर्तीच लिहितेय की उत्तरं देऊन थकायला होतं. मी कामाच्या जागेबद्दलच बोलतोय. नीळ_आकाश यांच्या प्रतिसादावर माझ्याकडं बोलण्यासारखं काही नाही, तो मी परत वाचणार आहे.

---

एडिसनकर

दमायला होतं हे खरंय पण ते कायम राहत नाही. मी इथं न्यू जर्सीत फार्मसीत काम करते, कुंकू आणि मंगळसूत्र पहिल्यापासून आहे, सुरुवातीला रोज कुणीतरी विचारायचं, आता नवीन माणूस आला तरच. लोकांना सवय होते. तुम्ही शुक्रवारी एकदा नेसलं की तो कार्यक्रम वाटतो, सोमवार मंगळवार बुधवार नेसलं की विचारायचं बंद होतं.

आणि फिलाडेल्फिया माझ्यापासून लांब नाही म्हणून आठवलं, आनंदीबाई जोशींचा १८८५ चा तो फोटो बघा, विमेन्स मेडिकल कॉलेजमधला. एक जपानची, एक सीरियाची आणि आनंदीबाई, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. त्या काळात, त्या थंडीत, डॉक्टरकी शिकायला गेलेल्या बाईनं साडी सोडली नाही. फॉर्मल नाही म्हणणाऱ्या मॅनेजरला तो फोटो पाठवा.

---

सासष्टीकार

गोव्यातून लिहितोय. आमच्याकडं कुणबी कापडाचं असंच झालं. लाल चौकड्यांचं जाड सुती कापड, गावडे कुणबी बायका गुडघ्याच्या जरा खाली नेसायच्या आणि पदर खांद्यावर गाठ मारून बांधायच्या, शेतात वाकलं तरी सुटू नये म्हणून. हळूहळू बायका ते सोडून साध्या गोल साड्या नेसायला लागल्या आणि विणणारे पण गेले. मग आमचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी ते परत विणून घेतलं, रॅम्पवर आणलं. २०२० ला वेंडेल गेले. आता पणजीत एखाद्या प्रदर्शनात चांगली पैसेवाली माणसं कुणबी साडी नेसून दिसतात, सहावारी, फॅन्सी ब्लाउजवर.

मला त्याचा आनंद आहे, कापड वाचलं, चार घरांत माग चालतात. पण माझ्या आजोळच्या म्हाताऱ्या बायकांना ती साडी दाखवली तर पहिला प्रश्न हा की एवढे पैसे? आणि दुसरा, गाठ कुठाय? कापड आलं पण गाठ नाही आली. म्हणून ताई तुम्ही आत्याकडून नेसायला शिकलात ही गोष्ट मला लुगड्यापेक्षा मोठी वाटते. कापड दुकानात मिळतं, नेसण माणसाकडूनच घ्यावी लागते. आत्याचा व्हिडिओ करून ठेवा.

---

कऱ्हाडची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं. उशिरा उत्तर देतेय कारण मध्ये दोन-तीन गोष्टी झाल्या.

नीळ_आकाश ताई, तुमचं लिहिलेलं मी मैत्रिणीला वाचायला दिलं. तिला राग येईल असं वाटलेलं, तसं झालं नाही. ती बीडची आहे. तिनं तिच्या आजीचा एक फोटो दाखवला, लग्नातला, आजी आखूड लुगड्यात आणि शेजारी तिची आई पायघोळ साडीत, आणि म्हणाली की या दोघींच्या मध्ये तीस वर्षं नाहीत, अख्खी चळवळ आहे. ती मला नेसू नको म्हणाली नाही. ती म्हणाली नेस, पण कुणी "आपली मराठी संस्कृती" म्हणून कौतुक करायला लागलं की त्यात माझी आजी पण धर. तेव्हापासून मी "आज काय स्पेशल"ला उत्तर देताना संस्कृती हा शब्द वापरत नाही. माझ्या आजीचं आहे आणि मला सोयीचं आहे, एवढंच सांगते, आणि तेवढंच खरं आहे.

नाशिकच्या दादांना, तुमचा मुद्दा आईच्या बाजूचा होता म्हणून मला पटला, आणि मी इन्स्टावर नाहीये. आईशी बोलले. म्हणजे ती बोलली, मी ऐकलं, नीळ_आकाश ताईंनी मैत्रिणीबद्दल सांगितलं होतं तसं. लुगड्याचा तिला राग नाहीच. बाळंतपणानंतर लगेच कामाला लागताना ते एवढं लांब, ओलं, जड कापड रोज हातानं धुवायला लागायचं आणि सासूबाईंचं पण तिनंच धुवायचं, राग त्याचा आहे. हे मला कधी कुणी सांगितलंच नव्हतं. शाळेत पहिल्या दिवशी ती जी निळी गोल साडी नेसून गेली ती तिनं अजून ठेवलीय, इस्त्री करून, मला माहीतही नव्हतं. मी विचारलं ती मला देशील का, तर म्हणाली ती माझी आहे, मी मेल्यावर घे. मला ते फार आवडलं. आणि मग म्हणाली, तू नेस, पण तुझं तू धू. आमच्याकडं मशीन आहे पण इरकल मशीनला लावायची माझी हिंमत नाही त्यामुळं हातानंच धुतेय आणि आई कशाबद्दल बोलत होती ते खांद्यांना बरोबर कळतंय.

मॅनेजरशी सरळ बोलले. त्यांनी ड्रेस कोड काढून बघितला, साडी चालते एवढंच लिहिलंय. आता क्लायंट कॉललाही नेसते, कुणी काही बोललेलं नाही.

शिलाईवाली ताई, तुम्ही सांगितलंत तसं उजेडात धरून बघितलं. डाळिंबी इरकलीचा पदराचा जोड एका बाजूनं सुटलाय, काठापासून साधारण चार बोटं. बाकी अंग अगदी ठणठणीत आहे. ते शिवणीनं जोडून घेऊ का? शिवलं तर पुढं फाटेल का?

---

शिलाईवाली_ठाणे

मशीनची टीप अजिबात मारू नका ताई, टीप जाड बसते आणि तिच्या कडेनं रेशीम कापलं जातं. रफू करणाऱ्याकडं न्या, पैठणी आणि शालू करणारा असेल असा बघा, ड्रायक्लीनवाल्यांना माहीत असतात. त्याला सांगा की दोन ताणे अडकवलेत, सुटलेले फासे सुईनं परत ओवायचेत, वरून ठिगळ नको. दोरा रेशमाचाच आणि लाल जरा फिकट, कारण जुन्या पदराचा रंग उतरलेला असतो, नवा लाल उठून दिसेल. ते होईपर्यंत नेसू नका, निदान पदर तरी ओढून खोचू नका.

आणि धुताना गार पाणी आणि रिठा. पहिल्यांदा मिठाच्या पाण्यात एक कोपरा बुडवून बघा लाल सुटतो का, मगच पूर्ण भिजवा. पिळू नका, सावलीत काठीवर लांब पसरा, वाळत घालताना जोडावर वजन येता कामा नये, म्हणजे पदर आणि अंग दोन्ही बाजूंना सारखं.